दोन बॉक्स आणि कुंकवाचं बोट

हसणार नसाल तरच सांगते. आणि हसलातच तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कार्पेट नवीन आहे!

तुम्हाला माहितीये, इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमचा फुकट दवाखाना चालतो. दर शनिवारी, चर्चच्या बेसमेंटमध्ये. इन्शुरन्स नसलेली माणसं येतात, आमचे रिटायर्ड डॉक्टर तपासतात, मी दारातल्या टेबलावर नावं लिहून घेते. दर हिवाळ्यात हीच मंडळी महाराष्ट्रात जाऊन कँप घेतात. आणि यंदाचा कँप कुठे? विट्याजवळ! माझ्या ताईच्या घरापासून अर्ध्या तासावर!

नाडकर्णीकाका आमचे म्होरके, डोळ्यांचे डॉक्टर. ते म्हणाले, "नंदा, या वेळी तू चलच. टेबलावर मराठी लिहिणारं माणूस पाहिजे. तुझी खुर्ची धरून ठेवतो."

सहा वर्षं मी ताईला भेटले नाहीये हो. फोनवर रोज दिसते, पण फोनमधली ताई म्हणजे अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. जीव तुटतो माझा. आणि मी काकांना काय म्हणाले? "यांचं पथ्य असतं, नातीला विंटर ब्रेक आहे, शिवाय बर्फात घर बंद ठेवलं तर पाइप फुटतात. पुढच्या वर्षी नक्की!"

मुलगी म्हणाली, "आई, द पाइप्स आर फाइन. जस्ट गो!"

नाही गेले. मग काय केलं? आपण सगळ्या करतो तेच. ताईसाठी बॉक्स भरला! अक्रोड, कोल्ड क्रीम, गुडघे शेकायचा हीटिंग पॅड, फुलाफुलांचा गाउन. आणि धुऊन वाळवलेल्या झिपलॉक पिशव्या, कारण ताईला त्या फार आवडतात.

पण काकांची सक्त ताकीद होती, खासगी पार्सल एकही चालणार नाही! म्हणून मी बॉक्सवर ठळक लिहिलं, 'चष्मे'. लोकांनी दिलेल्या वाचायच्या चष्म्यांचा खरा बॉक्सही मीच भरला होता. त्यावरही 'चष्मे'. दोन्ही बॉक्स सारखेच. मग ओळखायचं कसं? नाडकर्णीकाकूंना कटात घेतलं. "काकू, ज्याच्यावर कुंकवाचं बोट आहे तो ताईचा. गुपचूप तिच्याकडे पोचवा."

काय हुशारी, नाही?

निघायच्या दिवशी काका-काकू सामान न्यायला आले. मी दोघांच्या हातावर दही ठेवलं, काकूंना कुंकू लावलं. सामान घराबाहेर पडतंय, बोटाला कुंकू आहेच... हात आपोआप गेला हो! दारापाशी जो बॉक्स होता त्याला बोट टेकवलं आणि वर नमस्कारही केला.

तो नेमका खऱ्या चष्म्यांचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणजे आता दोन्ही बॉक्सवर कुंकू!

आठवड्याने सकाळी उठले, तर फोन मेसेजेसनी भरलेला. पहिला काकांचा, सोबत टेबलावर पसरलेल्या गाउनचा फोटो. "नंदा, समोर म्हाताऱ्या माणसांची रांग उभी आहे. या गाउनमधून त्यांना जवळचं दिसेल की लांबचं?"

दुसराही काकांचाच. "पिशव्या धुतलेल्या आहेत, त्याबद्दल आभारी आहे."

तिसरा काकूंचा. "अगं, दोन्हींवर कुंकू! मी काल ड्रायव्हरबरोबर एक दिला पाठवून!"

चौथा ताईचा. "नंदे, चष्मे मिळाले. मी काय समजायचं ते समजले."

मेले! म्हटलं, ही रागावली. सहा वर्षांनी बहिणीने पाठवलं काय, तर लोकांचे जुने चष्मे! लगेच काकांना व्हिडिओ कॉल लावला.

काका चक्क हसत होते. "चष्मे आणायला जीप घेऊन गेलो, तर तुझी ताई ओट्यावर कँप लावून बसलेली! अख्खी गल्ली गोळा. प्रत्येक आजीच्या हातात सुईदोरा. दोरा ओवला गेला की तो चष्मा तिचा! मी एकेकीला तपासलं, एकही नंबर चुकलेला नाही. मग तिलाच घेऊन आलो. बघ."

त्यांनी फोन फिरवला. टेबलामागे, माझ्यासाठी धरलेल्या खुर्चीत, ताई बसली होती. छातीवर माझ्या नावाचा बॅज, नाकावर चष्मा. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा अख्खा चेहरा दिसला. केस केवढे पांढरे झालेत! मला रडूच आलं.

"ताई, चुकलं गं. बॉक्स बदलला. रागावलीस?"

"रागावू कशाला?" ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "मला वाटलं, कँपचे चष्मे माझ्याकडे आलेत म्हणजे मागनं तू येतेयस. मुद्दाम सांगितलं नाहीस. म्हणून तर सकाळपासून ओट्यावर बसले होते. जीपमधून काका उतरले, काकू उतरल्या. मग मी एकेक चष्मा लावून पाहिला. एकातूनही तू उतरताना दिसली नाहीस गं. तुझ्याकडे याहून मोठ्या नंबरचा असेल, तर तेवढा पाठव."