चाचांचा पहिला प्रश्न

छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला चाचा आधी विचारत, "कळ आली तवा हातात काय होतं, भाऊ?" नाव, गाव, वय नंतर. माणूस घामानं निथळतोय, नातेवाईक रडतायत आणि हे आपले ईसीजीच्या तारा सोडवत हातातल्या वस्तूची चौकशी करतायत. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा फिरलंय.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढणं हे चाचांचं काम. घराणं शिंपीकामाचं, वडील आणि दोन्ही भाऊ बाजारात शिलाई मशीन चालवत. सरकारी नोकरीत हे एकटेच आले, पण नजर शिंप्याचीच राहिली. पेशंटच्या शर्टाची बटणं काढता काढता "काज ढिला झाला, घरी गेला की दोन टाके मार" असं ते सांगत, आणि पेशंटला उगाच धीर येई, की आपण घरी जाणार आहोत. ईसीजीची पट्टी बाहेर आली की दोन बोटांत धरून मला देत आणि म्हणत, "कागद खोटं नाई बोलत, साहेब. पण सप्पा नाई सांगत." सप्पा म्हणजे सगळं.

त्यांच्या प्रश्नानं बहुतेक लोक गोंधळत. सकाळपासून जड वाटत होतं, जेवल्यावर वाढलं, आता हातात काय होतं ते कुठून आठवणार? एका बाईनं तर "नवऱ्याची कॉलर होती" असं सांगून सगळ्यांना हसवलं. तिची छाती ठणठणीत निघाली. पण क्वचित एखादा क्षणभरही न थांबता सांगे. विळा. बादली. तसं उत्तर आलं की चाचा त्या माणसाजवळून हलत नसत.

एकदा चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका गुरुजींची पट्टी त्यांनीच काढली होती. हार्ट अटॅकसारखी दिसत होती, म्हणून त्या वेळच्या डॉक्टरांनी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, आणि गुरुजी तासाभरात गेले. शवविच्छेदनात कळलं की हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटला होता. अशा माणसाला ते इंजेक्शन म्हणजे विषच. गुरुजींच्या हातात त्या वेळी खडू होता, हे त्यांनी मरायच्या आधी दोनदा सांगितलं होतं. कापड फाटतं तेव्हा टर्रकन फाटतं, म्हणून माणसाला तो क्षण ध्यानात राहतो, असं चाचांनी त्यावरून धरलं. पुस्तकात मीही हेच वाचलं होतं. त्यामुळे मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

मग सोमा आला. आलापल्लीकडच्या गावचा, लाकडाच्या डेपोवर काम करणारा, चाळिशीचा माणूस. उन्हाळ्याची दुपार होती. पट्टी पाहून अटॅकबद्दल मला शंकाच उरली नाही. अटॅकमध्ये जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू मरतो, म्हणून मी लगेच तेच इंजेक्शन भरायला सांगितलं. तिकडे चाचांचा प्रश्न झाला होता. "पाण्याचा गिलास. सुटला हातातून," सोमा म्हणाला. कळ आता पाठीत उतरली होती. चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, जरा थांबता का. मी भडकलो. सिस्टरसमोर, सोमाच्या बायकोसमोर त्यांना म्हणालो, "पट्टी काढणं तुमचं काम आहे, चाचा. निदान मी करतो."

"बराबर हाये, साहेब," ते म्हणाले. "दोनी हाताचा बीपी तेवढा घेऊन पाहा. मंग मले काय बोलाचं ते बोला."

डाव्या हाताचा सिस्टरनं घेतला होता, एकशे साठ. उजव्याचा मी स्वतः घेतला, खरं तर त्यांचं तोंड बंद करायला. नव्वद भरला. पुन्हा घेतला, तरी नव्वदच. तो पदर फाटला असला की दोन हातांच्या बीपीत असा फरक पडतो. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं.

सीटी स्कॅन आमच्याकडे नव्हता. बीपी उतरवणारं औषध सुरू करून मी सोमाला घेऊन चंद्रपूरला निघालो. तिथे स्कॅनमध्ये फाटलेला पदर स्पष्ट दिसला. मग नागपूर, ऑपरेशन, आणि महिन्याभरानं सोमा आपल्या पायांनी गावी परतला.

पुढे तो दवाखान्यात आला ते चारोळीची पुरचुंडी घेऊन. बाहेर पेशंटची रांग, त्या सगळ्यांदेखत त्याची बायको माझ्या पाया पडली. तिचा नवरा मी वाचवला, असं ती म्हणाली. चाचा बाजूलाच तारा पुसत होते. मी एक शब्द बोललो नाही. सक्तीच्या सेवेचं ते माझं वर्ष होतं, संपलं की सांगलीला परत जायचं ठरलं होतं. पण त्या दिवसानंतर मी आणखी एक वर्ष मागून घेतलं, मग आणखी एक. सोमा दर उन्हाळ्यात चारोळी आणत राहिला. फुकटचा मान सोडवत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. चाचांची माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी चहाचा विषय काढला. ते निवृत्त झाले, त्यांचा निरोप समारंभ झाला, त्यात मी भाषणही ठोकलं, पण ही गोष्ट काही सांगितली नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. कब्रस्तानात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. पुढे जायची लाज वाटली.

यंदा सोमा आला तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ते इंजेक्शन मी दिलं असतं तर तू त्याच दुपारी मेला असतास, चाचांनी मला थांबवलं, आणि त्यांनाच मी तुझ्या बायकोसमोर टाकून बोललो.

"मले मालूम हाये, साहेब," तो म्हणाला. "बायको होती ना तिथी. पयली चारोळी मी चाचाच्याच घरी नेली होती. चाचानं घेतली नाई. म्हणे, नव्या साहेबाले दे, चार लोकाइच्या समोर दे. आपल्या इथी डॉक्टर टिकत नाई, याले टिकवून घेऊ."

मला या दवाखान्यात आता अकरा वर्षं झाली.