साडीचा रंग आणि मुलीचा

मीरा, तुझ्यासाठी साडी घ्यायला काल दुकानात गेले. तिथे साड्या नेसून दाखवणाऱ्या सुनंदाला म्हटलं, "माझ्या नातीचा रंग तुझ्यासारखाच आहे, तूच नेसून दाखव." मोरपंखी साडीत ती अशी शोभली की शेजारच्या बायका वळून पाहू लागल्या.

मागच्या भिंतीवर मोठा फोटो होता. साडी तीच, हसूही तेच, चेहरा मात्र दुधाळ.

"ही तूच ना गं?"

"मीच, आजी. गावी आईला पाठवला, तर म्हणाली, साडी छान आहे, पण तुझा फोटो कधी पाठवतेस?"

ती हसत होती. मला हसता आलं नाही. फोटोग्राफर तिथेच दिवे लावत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आजी, कलाकाराला एवढं स्वातंत्र्य हवंच."

असेलही. पण ते स्वातंत्र्य घेऊन कुणी गोऱ्या मुलीला सावळं केलेलं मी अजून पाहिलेलं नाही. साडीचा रंग फोटोत जसाच्या तसा लागतो, नाहीतर गिऱ्हाईक ती परत आणून देतं. मुलीच्या रंगाची तक्रार घेऊन कोणीच येत नाही.

हे सगळं त्याला ऐकवून मी ताठ मानेनं बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर आठवलं. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईला मीच पत्रात लिहिलं होतं, "काळजी करू नकोस, रंग उजळेल हळूहळू."

त्या पत्राला तिनं उत्तर पाठवलं नाही.