गोखिवऱ्याच्या घरातली शांतता

या सदरातले अनुभव मी निव्वळ करमणूक म्हणून वाचतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आणि माझं पोटच आवाजावर चालतं, त्यामुळे 'कुणीतरी हाक मारली', 'पैंजण वाजले' असल्या गोष्टींवर तर मुळीच नाही. असे आवाज बहुतेक वेळा पाण्याच्या पाइपमधून नाहीतर शेजारच्या टीव्हीतून येतात. तरीही आज हे लिहायला बसलोय.

मी वसई पूर्वेला, गोखिवऱ्यात राहतो. एकटाच. बायको सुनंदा दोन वर्षांपूर्वी गेली. आधी अंधेरीच्या एका स्टुडिओत साउंडचं काम करायचो. आता बेडरूममध्येच छोटा सेटअप आहे. कमी बजेटच्या फिल्मवाल्यांना मास्टरिंगसाठी, म्हणजे फिल्मच्या आवाजावर शेवटचा हात फिरवायला, मोठा स्टुडिओ परवडत नाही, आणि ऑनलाइन सॉफ्टवेअर सगळंच एकसारखं मोठं करून ठेवतं — कुजबुजसुद्धा. मग ते माझ्यासारख्याकडे येतात.

ऋतुजा तशीच आली. तिची पहिलीच फिल्म, पाचूबंदरच्या एका कोळ्याच्या घरात शूट केलेली. डायलॉग छान होते, पण त्या घराची नुसती शांतता कुणी रेकॉर्डच केली नव्हती. दोन वाक्यांच्या मध्ये ती भरावी लागते, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. आम्ही तिला 'रूम टोन' म्हणतो. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी, समोरचे वर्कशॉपचे गाळे बंद असताना, मी माझ्याच हॉलमध्ये माइक लावला. पंखा बंद, फ्रिज बंद. मी खुर्चीत अगदी दगडासारखा बसून होतो. तीच शांतता फिल्ममध्ये भरली, मास्टर करून पाठवून दिली.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन.

"सर, शेवटच्या सीनमध्ये आत चहा करणारी बाई कुठून मिळवलीत? कमाल आहे!"

"कुठली बाई?"

"अहो, बांगड्या वाजतात, गुणगुणते, मग गाळणं पातेल्यावर आपटते. प्लीज काढू नका हां ते!"

मी फाइल उघडली. काहीच नाही. आवाज पार वर नेला तरी नुसतं सूं... स्क्रीनवरही जवळजवळ सरळ रेघ. शेवटी ऋतुजालाच घरी बोलावलं आणि माझा हेडफोन तिच्या कानाला लावला.

"हे बघा... आत्ता, बांगड्या," ती म्हणाली.

मी तो काढून घाईघाईने स्वतःच्या कानाला लावला. शांतता. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत.

मग मीनलला बोलावलं — सुनंदाची धाकटी बहीण, आचोळ्याला राहते. तिला आधी काहीच सांगितलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती... आणि एकदम तिचा चेहराच बदलला.

"भावोजी, ताईचं हे कधी रेकॉर्ड केलं होतंत?"

"काय करतेय ती?" मी विचारलं.

"चहा. आणि आमच्या आईचं पाळण्यातलं गाणं गुणगुणतेय... बेसूर! तिला सूर कधी लागलाच नाही हो."

ती रडता रडता हसत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. माझ्या वाट्याला तेवढंच होतं.

पुढे पाचूबंदरलाच एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. तो सीन आला. ज्यांच्या घरी शूटिंग झालं होतं त्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या घरात ही कोन चा करतेय गो?" अख्खा हॉल हसला. म्हणजे सगळ्यांनाच ऐकू आलं होतं. शेजारी बसलेल्या मीनलने माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलंत ना, भावोजी?"

"हो," मी म्हटलं.

इतक्या लोकांना ऐकू येतं, मग मलाच का नाही, हे मला आजही कळत नाही. हल्ली अधूनमधून दुपारी मी फ्रिज बंद करतो, माइक लावतो आणि ते रेकॉर्डिंग मीनलला पाठवतो. ती मेसेज करते — आज भांडी लावत होती. आज नुसतीच बसली होती, श्वास ऐकू येत होता.

'काही नाही' असं तिने अजून एकदाही कळवलेलं नाही. मला बरं वाटावं म्हणून लिहिते का, हे मी तिला विचारलेलं नाही.