तळपायाचा तुकडा

आमच्या गावच्या डॉक्टरने माझ्या थोरल्या भावाला फसवलं. त्याच्या तळपायातला काळा डाग कापल्यावर तो तुकडा नागपूरला तपासायला पाठवला, असं त्याने सांगितलं. पाठवला नव्हता.

डाग आधी मसुराएवढा होता. अनवाणी शेतात हिंडणाऱ्याला कुरूप होतंच, म्हणून घरच्यांनी बिब्बा तापवून चटके दिले. बिब्ब्याचा डागही काळाच. त्याखाली मूळचा काळा किती पसरला, कोणाला दिसलं नाही. ती चूक आमची. पण डॉक्टर शिकलेला होता.

महिन्याने तो म्हणाला, "नागपूरहून उत्तर आलं. कुरूपच होतं."

मी कागद मागितला. नांदुऱ्याच्या बाजारात गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढल्याशिवाय मी भाव बोलत नसे. भावाने दवाखान्यातच दटावलं, "तू आपला कापूस पाह्य बे! डाक्टरसंग काऊन भांडून राह्यला?" मी कागदाचा विषय सोडला.

पुढच्या वर्षी त्याच्या जांघेत गाठ आली. तुकडा जिथे पाठवला म्हणून सांगितलं होतं, नागपूरच्या त्याच दवाखान्यात मी त्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला डोळा लावायला सांगितलं. पेशींत तपकिरी कणांची भुकटी दिसली. कातडीचा रंग त्याच कणांत तयार होतो म्हणे. मग त्यांनी पुस्तकातले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो उघडले. चांगला कण सरकीसारखा लांबट. आत बारीक धागे शेजारी शेजारी, त्यांच्यावर रंग चढत चढत कण ठार काळा होतो. कर्करोगाच्या पेशीतले कण वेडेवाकडे, धागे तुटके, रंग कुठे चढलेला, कुठे नाही. किडक्या बोंडातला कापूस मी लांबून ओळखतो. हा नास मला कसा दिसावा?

"पहिला तुकडा आला असता तर?"

"तेव्हाच कळलं असतं," ते म्हणाले. त्यांनी तपासायला आलेल्या तुकड्यांची मागच्या वर्षीची वही चाळली. भावाचं नाव नव्हतं.

पोळ्याच्या आधी भाऊ गेला.

तेरावं झाल्यावर मी गावच्या दवाखान्यात जाऊन तुकड्याची बाटली मागितली. डॉक्टर नजर चुकवत म्हणाला, "शेठ, ते दुखणंच तसं होतं."

दुखण्याचं मी विचारत नाही. कण वाकडे झाले, त्याचा जाब कोणाला मागू? पण तुकडा या माणसाच्या हातात होता. तो कुठे फेकला, आणि न आलेलं उत्तर का सांगितलं, हे त्याने माझ्या वहिनीसमोर उभं राहून बोलावं.