बैलाच्या म्होरं दगड

हसायचं असेल तर हसा, पण मी गोल्फ शिकलो तो सूड घ्यायला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जन्मभर मोजणी खात्यात साखळ्या ओढून झाल्यावर, ज्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं तो खेळ मी एका माणसाचं नाक खाली करायला शिकलो. तो माणूस म्हणजे माझा साडू.

आम्ही भोरचे. साडू पुण्याचा, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पानशेतला धरणाकाठी त्याचा बंगला आहे. तसे पंधरा-वीस बंगले तिथं एकाच कुंपणात आहेत, आणि मधल्या मोकळ्या जागेत त्या लोकांनी हौसेनं पाच होलांचं छोटं गोल्फचं मैदान केलंय. लांब फटके हाणायला तिथं जागाच नाही. सगळा खेळ शेवटच्या तीस-चाळीस पावलांचा, म्हणजे बॉल हळूच उचलून होलाजवळ नेऊन ठेवायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. घरात ‘घ्या साडूभाऊ, अजून एक घ्या साडूभाऊ’ असा आग्रह चाललेला. जेवण झाल्यावर हा म्हणाला, चला, आमचा खेळ तरी बघा. मैदानावर त्याचे तीन मित्र उभे होते. यानं खांद्यावरची ती अगडबंब बॅग माझ्याकडे दिली, ‘जरा धरा हं.’ मी धरली. ज्याच्या घरचं आत्ताच जेवलो त्याला नाही कसं म्हणायचं? एका मित्रानं माझ्याकडे बघून विचारलं, ‘हे कोण?’ साडूनं बॉलवरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणाला, ‘आमचा गावचा माणूस.’

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, तुझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला मी वाढायला उभा होतो, आणि मी गावचा माणूस? पण बॅग हातातच होती. बायको दोन हातांवर कठड्यापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. परतताना पाबे घाट उतरलो. वेल्ह्यात चहाला थांबलो तेव्हा बशीत बघत म्हणाली, ‘बॅग कशाला धरलीत तुम्ही?’

साडूचं बोलणं लागलं होतंच, हे त्याहून लागलं. त्याच टपरीवर मी मनाशी ठरवलं, की त्याच मैदानावर, त्याच तीन मित्रांसमोर आणि बायकोच्या देखत, याच्या तोंडून ‘हे माझे साडू’ वदवून घेईन. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथं दरवर्षी सामना असतो, बंगलेवाल्यांच्या पाहुण्यांनाही खेळता येतं. येती संक्रांत जवळ होती, ती सोडली. पुढची धरली.

आधी मी चुका केल्या, त्याही अगदी आमच्या खात्याला शोभतील अशा. काठ्यांची एक जुनी बॅग घेतली आणि वर वेज नावाची एक काठी मागवली, साठ अंशांची, जिचं तोंड सरळ आभाळाकडे. मोबाईलवर एक माणूस तिनं बॉल उंच उडवून होलापाशी गपकन बसवत होता, ते बघून भुललो. मग भोरात नदीकाठच्या मोकळ्या रानात खुंट्या ठोकल्या, टेप धरली आणि वही केली. हात कमरेपर्यंत नेला तर अमुक मीटर, खांद्यापर्यंत नेला तर तमुक मीटर. मोजणीवाला माणूस, फसणार तोही मोजूनच! दीड महिन्यात वही भरली आणि बॉल एकदाही वहीप्रमाणे गेला नाही.

शेवटी मेव्हणीला फोन करून बुधवारी-बुधवारी मैदानावर जायची सोय लावली. मधल्या वारी तिथं पुण्याचं कुणी नसतं. बिचारी साधी बाई, नवऱ्याला काही बोलली नाही. मैदान राखायला एक बाबा होते, सत्तरीला टेकलेले. मूळचे वेल्ह्याकडच्या पासलीचे, पण सासुरवाडी इथली. हे मैदान होण्याआधी इथं भाताची खाचरं होती आणि त्यात बाबांनी वीस वर्षं आवण, म्हणजे भाताचं रोप, लावलेलं. ते गवत कापायचे, सामन्याला होलातला झेंडा धरायचे, आणि बाकीचा वेळ पळसाखाली बसून लोकांचा खेळ बघायचे.

तीन बुधवार त्यांनी मलाही बघितलं. चौथ्या बुधवारी माझा बॉल पुन्हा एकदा सणसणत बांधावर जाऊन आपटला, तेव्हा उठून आले.

‘सायेब, राग न्हाई ना येनार? ह्ये फावडं ठिवा बाजूला.’

‘का बरं?’

‘जिमीन कडक हाय हितली. भाताचं खाचर ह्ये, वरनं हिरवं दिसतंय, पर खाली दगूड. तुमचं फावडं आपटून वर उसळतंय आन् बॉलच्या डोस्क्यात बसतंय. लई पाऊस झाला तरच त्ये काढा.’ मग माझ्या बॅगेत हात घालून त्यांनी सेव्हन आयर्न नावाची काठी बाहेर काढली. ‘ह्ये घ्या. ह्याचं त्वांड उभं हाय. बॉल थोडा उडतोय आन् मग पळतोय.’

मग ते जे बोलले ते कुठल्याही मोबाईलवर मला सापडलं नव्हतं. ‘बैलं राखलीत का कदी? न्हाई? मंग ऐका. बैल दुसऱ्याच्या रानात शिराया लागला, तर दगूड बैलाला मारत न्हाईत. बैलाच्या म्होरं टाकत्यात. नदर बैलावर न्हाई ठिवायची, दगूड पडनार त्या जागंवर ठिवायची. तुमी सारकं भोकाकडं बघताय. भोक काय पळून जातंय व्हय? बॉल कुठं पडनार त्ये बघा. फुडचं जिमीन करती.’

पुढचे दोन बुधवार बाबांनी मला काठीला हातच लावू दिला नाही. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ते सागाचं एक पान ठेवायचे आणि मला म्हणायचे, हातानं टाका. खालून, हळू, पानावर. बॉल पानावर टप्पा घेऊन घरंगळत होलाकडे जायचा. हाताला ते कळल्यावर मग सेव्हन आयर्न दिली. मधे बांध आला तर पिचिंग वेज, ग्रीनच्या कडेला असलो तर सरळ पटरच्या सपाट तोंडानं ढकलायचं. एवढ्या तीन काठ्यांवर माझा संसार! पानाच्या जागी मी साडूचं टक्कल बघायचो आणि नेम बरोब्बर लागायचा.

एकदा पळसाखाली भाकरी खाताना मी बाबांना बॅगेचा सगळा किस्सा सांगितला, दातओठ खात सांगितला. ते म्हणाले, ‘गावचा मानूस म्हनला तर त्यात राग कशाचा, सायेब? म्या बी गावचाच हाय की.’ मी म्हणालो, ‘तुमचं वेगळं, बाबा.’ त्यांनी कांदा फोडून अर्धा माझ्यापुढे केला.

अधूनमधून साडू भेटायचा. सारोळ्याला एका लग्नात भेटला तेव्हा त्यानं नव्या चार वेज घेतल्याचं अर्धा तास ऐकवलं. शिवाय पाचव्या ग्रीनचं गुपितही सांगितलं, जणू मी विचारलंच होतं. म्हणे, तिथं बॉल कायम धरणाच्या बाजूला वळतो, उतारच तिकडे आहे. मी जिलेबी खात ‘असं होय!’ म्हणत राहिलो आणि मनातल्या मनात हसत होतो. कारण बाबांनी मला आधीच सांगितलं होतं की त्या खाचराचं पाणी ते पळसाकडच्या कोपऱ्यातनं सोडायचे. ‘धरान दिसतंय म्हनून लोकास्नी वाटतंय उतार तिकडं हाय. पानी कुनीकडं जायचं त्ये मला इचारा.’

संक्रांत झाली, रविवार आला. मेव्हणीनं माझं नाव पाहुण्यांत घातलं. साडू मला बघून एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ‘तुम्ही? खेळणार? जपून हं, जमीन उकराल!’ मी म्हणालो, बघू की. तेच तीन मित्र होते, तीच माझी बायको त्याच कठड्यापाशी उभी होती. चार होल झाले तेव्हा बाकीचे मागे पडले होते आणि साडू आणि मी बरोबरीत होतो. त्याचं हसू तिसऱ्या होलालाच आटलं होतं. काय सांगू, तो चेहरा बघूनच मला जेवण झाल्यासारखं वाटलं.

पाचव्या ग्रीनपासून दोघेही आठ-दहा पावलांवर होतो. साडूनं नव्या चारांतली सगळ्यात आडवी वेज काढली, ऐटीत दोनदा हवेत फिरवली आणि मारली. वेज कडक जमिनीवर आपटून उसळली, बॉलच्या डोक्यात बसली, आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या बांधाला भिडला. मी सेव्हन आयर्न घेतली. झेंड्याकडे बघितलंच नाही. गवतावर एक पिवळा ठिपका होता, तेच माझं पान. बॉल तिथं पडला, धावला, पळसाकडे वळला आणि होलापासून वीतभर अंतरावर थांबला. साडूचा पुढचा बॉल ग्रीनवर आला, त्याच्या पुढचा धरणाकडचा उतार धरून मारलेला, तो साफ चुकला. मी माझा वीतभराचा ढकलला. सामना माझा!

मित्र टाळ्या वाजवत आले. त्यातल्या त्याच एकानं विचारलं, ‘हे कोण हो? कुठं लपवून ठेवलं होतंत?’ आणि साडूनं माझ्या खांद्यावर हात टाकला, आवाज चढवला, ‘अहो, ओळखलं नाहीत? हे माझे साडू! सख्खे साडू!’ बायको कठड्यापाशी हसत होती. चौदा महिने ज्या शब्दांसाठी तडफडलो ते कानांनी ऐकले. काळीज गार गार झालं.

‘पण शिकलात कुठं? कोच कोण तुमचा?’ मित्रानं विचारलं.

बाबा झेंडा धरून शेजारीच उभे होते. तोंडभर हसत ते एक पाऊल पुढं आले.

‘कोच कसला!’ मी म्हणालो. ‘आपलं आपणच. थोडा सराव केला.’

‘मग बाबा एवढे का खूश झालेत?’

‘हा? हा आमचा गावचा माणूस.’ आणि हात मिळवायला मोकळे हवेत म्हणून मी बॅग बाबांकडे दिली.

बाबांनी धरली.

परतताना घाटभर मी आपला सामना पुन्हा पुन्हा सांगत होतो, साडूचं तोंड कसं पडलं त्याची नक्कल करत होतो. वेल्ह्यात त्याच टपरीवर चहा घेतला. तिनं बशी खाली ठेवली.

‘बॅग कशाला दिलीत त्यांच्याकडे?’ ती म्हणाली.