आंबेमोहोराचं बियाणं घेऊन टाकळीला

पुण्याचा माणूस सहसा पूर्वेला जात नाही. पश्चिमेला सिंहगड आहे, मावळ आहे, पाऊस आहे; पूर्वेला नुसतं ऊन आणि नातेवाईक. मीही गेलो नसतो. पण आमच्या धन्यांना टाकळी हे गाव इनाम मिळालं आणि पंगतीत एका पाहुण्यानं विचारलं, "नव्या गावात पिकतं काय?" धनी म्हणाले, "बाजरी, राळा." पाहुणा म्हणाला, "अरेरे." त्या एका 'अरेरे'पायी भर वैशाखात मी बैलगाडीत बसलो.

हुकूम असा होता: यंदा टाकळीच्या साऱ्या रानात आंबेमोहोर. बाजरी नाही, राळा नाही. मावळातून भाताचं उत्तम बियाणं आणवलं, आठ गोण्या गाडीत चढल्या. "तिकडे पाऊस कमी असतो म्हणतात," मी भीत भीत बोललो. धनी म्हणाले, "आजवर तिथं कुणी भात मागितलाच नसेल." धन्यांचं शेतीचं ज्ञान ताटापासून सुरू होतं आणि ताटातच संपतं. मी वाड्यातला कारकून. वीस वर्षं त्यांचे हुकूम सुवाच्य अक्षरात लिहीत आलो, हाही लिहिला.

तुम्ही कधी त्या वाटेला जाणार असाल तर पहाटे निघा आणि सोबत दशम्या घ्या. पीठ दुधात भिजवलेलं असल्यानं वाटेत सोवळं मोडत नाही, फक्त दात मोडतात. येरवड्याला नदी गुडघाभर होती. खराडीला विहीर बरी आहे, ताक फुकट मिळतं; बाकी तिथं बघण्यासारखं काही नाही आणि पुढेही कधी असेल असं वाटत नाही. वाघोलीपुढच्या नाक्यावर नाकेदारानं गोणीत हात घातला.

"भाताचं बी? आणि पूर्वेला?"

"हो."

"कुणाचा हुकूम?"

मी धन्यांचं नाव सांगितलं. तो इतका हसला की जकात घ्यायची राहूनच गेली. तेवढा वाटखर्च वाचला. मला मात्र राग आला. आमच्या वेडेपणाला हसायचा हक्क आमचा, नाकेदाराचा नव्हे.

भीमा ओलांडली की झाडं बुटकी होत जातात. गाडीवान येसबा याच बाजूचा. तो म्हणाला, "ढग समदं डोंगरावर रितं व्हत्यात. तुमच्या पुन्यात उरलंसुरलं सांडतंय. हितं येस्तोवर नुसती सावली ऱ्हाती." मागे गोण्यांतून भाताचा घमघमाट येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकळी आली. पुण्याभोवती टाकळ्या इतक्या आहेत की वाटेत दोन चुकीच्या टाकळ्यांनी आमचं स्वागत केलं. खऱ्या टाकळीत चावडीवर पाटील आणि पाटलीणबाई बसले होते. मी घसा खाकरून हुकूम वाचला. पाटलांनी मान खाली घातली. "हुकूम हाय म्हंजे हाय."

पाटलीणबाई साठीच्या, हातात सुपडं. त्यांनी विचारलं, "पंत, गोन्यांत पानी बी आनलंय का?"

मी पुणेरी तोंड करून म्हणालो, "बाई, मी फक्त निरोप आणतो. पाण्याचं खातं वेगळं आहे." या उत्तरावर मी तेव्हा खूश होतो. आज आठवलं की लाज वाटते.

स्वयंपाक अर्थात माझा मीच करणार होतो. पाटलीणबाईंनी राळ्याचे तांदूळ दिले, मोहरीएवढे पिवळे दाणे, आणि बजावलं, "आच मंद ठेवा. तुमच्या तांदळावानी न्हाई त्ये." पुण्याच्या माणसाला भात शिजवायला शिकवणार? मी तीन दगडांवर दणदणीत जाळ केला आणि वळून येसबाला आंबेमोहोराची थोरवी सांगत बसलो. राळा करपून कोळसा झाला. रात्री दशमीवर भागवलं.

सकाळी पाटील आणि पाटलीणबाईंनी गावाबाहेरच्या टेकाडावर मला नेलं. त्याला तिथं पांढरी म्हणतात. राखेसारखी भुरकट माती. पेरणीआधी गाव ती खणून गाड्यांनी रानात टाकतं, पीक चांगलं येतं म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या खणून टेकाडाचा एक कडा पुरुषभर उंचीचा सरळ कापलेला. त्या कड्यात खालपासून वरपर्यंत माणसांचे संसार होते. खापरं, हाडं, चुली, सारवलेल्या जमिनी एकावर एक. लोखंडाचा तुकडाही नाही, दगडाची पातळ पाती मात्र मुठीनं.

"पांडवांचं गाव हाय," पाटील म्हणाले.

"पांडव म्हनं!" पाटलीणबाई म्हणाल्या. "पांडवांनी दगडानं कनसं कापली आसती व्हय? आपल्यावानीच कुनीतरी."

त्यांनी कड्याच्या तळाशी बोट दाखवलं. तिथं मोठ्या चौकोनी घराची जमीन होती आणि फुटक्या रांजणात जळके दाणे: जाड, गव्हासारखे, जवासारखे. शेजारी नदीचं पाणी वळवायला घातलेल्या दगडमातीच्या बांधाचं टोक. तिथून वर बघत गेलो. घरं लहान होत गेली, मग गोल खोपटी झाली. जाड दाणे कमी होत होत संपले. उरले ते बारीक दाणे. वरच्या थरातलं एक खापर त्यांनी माझ्या हातात दिलं. तळाला चिकटलेला काळा कोळसा, मोहरीएवढ्या दाण्यांचा. काल रात्रीचं माझं भांडं आणि हे, काडीचा फरक नव्हता.

"ह्यो बी तुमच्यावानीच सैपाकाला बसला आसंल," पाटलीणबाई म्हणाल्या. मला हसू आलं, मग आलं नाही.

"त्यास्नी बी गहूच पायजे व्हता," त्या म्हणाल्या. "बांध घातला. पाऊस मागं सरला, नदी खाली गेली, बांध कोरडा. मग ज्यांनी ह्ये बारीक पेरलं त्ये ऱ्हायलं. थोड्या पान्यात येतंय, अडीच म्हैन्यांत पदरात पडतंय." मग त्यांचा आवाज बदलला. "पंत, भात पेरा म्हनाल तर पेरू. त्यो वाळंल. मग भुकंला घरातलं राळ्याचं बी खाऊ. माझ्या सासूच्या सासूनं राखलेलं बी. त्ये संपलं की पुढल्या साली पेरायचं काय, त्येवढं लिवून द्या."

वीस वर्षांत मला कुणी काय लिहायचं ते विचारलं नव्हतं. मी हातातलं खापर पंच्यात बांधून घेतलं. मग म्हणालो, "भात कांडायला उखळं आहेत ना गावात?"

दोन दिवस टाकळी आंबेमोहोर जेवली. मंद आचेवरचा माझा भातही सुरेख झाला. रानात बाजरी आणि राळा पेरायचं ठरलं. परत येऊन मी धन्यांना लिहून दिलं: बियाणं पोचलं, गावानं अतिशय आदरानं स्वीकारलं, एक दाणाही वाया गेला नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पाऊस उशिरा आला आणि लवकर गेला. राळा मात्र आला. धन्यांच्या वाट्याचं धान्य मी बाजारात विकलं आणि त्यातून मावळातला आंबेमोहोर घेऊन वाड्यात भरला. दिवाळीच्या पंगतीत तोच पाहुणा होता. धनी वाफेवर नाक नेऊन म्हणाले, "टाकळीच्या मातीचा वास बघा!" पाहुणा म्हणाला, "वा! भीमेकाठच्या माझ्या चारही गावांना पुढच्या साली हेच बियाणं पाठवतो." मी हातातला घास पानात ठेवला. चार गावं, आणि त्यांत माझ्यासारखा लबाड कारकून असेलच असं नाही.

पंगत उठल्यावर मी ते जळकं खापर धन्यांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक दाणा चिमटीत चोळला, बोटं काळी झाली.

"म्हणजे मी पाहुण्यांसमोर मावळचा भात टाकळीचा म्हणून वाढला?" त्यांना टोचलं ते एवढंच.

"हो."

"उद्यापासून येऊ नका."

चार गावं मात्र वाचली. आंबेमोहोराचं बियाणं पुढच्या साली मिळणार नाही, असा निरोप दुसऱ्याच दिवशी धन्यांनी पाहुण्याकडे धाडला. खरं सांगितलं असतं तर पाहुणा पुन्हा 'अरेरे' म्हणाला असता.

आता घरी आहे. घरात भात बेताचा असतो आणि बायकोची बोलणी पोटभर. गेल्या आठवड्यात येसबा राळ्याची गोणी टाकून गेला, पाटलीणबाईंच्या निरोपासकट: "पंतास्नी म्हनावं, समदं खाऊ नका. मूठभर बी बाजूला ठेवा. पाऊस पुन्यातनं बी मागं सरंल कवातरी."

मी हसलो नाही. मूठभर काढून त्या जळक्या खापरात ठेवलं आहे.