बर्फात नेलेलं रक्त

पंचवीस वर्षं डेअरीवर दुधाचे नमुने घेतलेल्या माणसाच्या हातात नाशवंत काहीही द्या, तो आधी बर्फ शोधतो. हा बचाव नाही, आजारच म्हणा.

गेल्या हंगामात ऊस तोडताना थोरल्या भावाच्या पायाला कोयता लागला. जखम चिघळली, जंतू रक्तात उतरले. मंचरच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईनमधून औषध चालू होतं, ताप हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू या औषधाला जुमानत नसावेत, आणि दुसरं अंदाजानं किती बदलायचं? पुण्याच्या एका लॅबमध्ये नवं मशीन आलंय. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले, की कुठलं औषध चालणार नाही ते तासा-दोन तासांत कळतं. पूर्वी त्याला आणखी दोन दिवस जायचे. बाटली लगेच पोचवा, उन्हात ठेवू नका.

उन्हात नको म्हणजे गारच हवी, एवढी अक्कल मला होतीच. डेअरीची बर्फाची पेटी घेतली. वाटेत राजगुरुनगरला थांबून बर्फ बदलला. चाकणच्या कोंडीत लोक हॉर्न बडवत होते आणि मी आपल्या हुशारीवर खूश.

लॅबमधल्या मुलीनं बाटली हातात घेतली आणि थबकली.

"काका, बर्फात आणलीत?"

"मग! जरासुद्धा नासायची नाही."

"जंतू वाढले तरच मशीन ओळखणार ना. तुम्ही त्यांना गारठवलंत. लावून बघते, पण भरवसा नाही. दुसरं रक्त आणा."

साठ किलोमीटर परत आलो. खाटेशेजारी बसलेल्या वहिनीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"भावजी, दूध व्हतं का ते?"

दुसरी बाटली शर्टाच्या खिशात घालून, वर हात दाबून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन आला: चालू असलेलं औषध त्या जंतूंपुढे पाण्यासारखं होतं. त्यांनी लगेच बदललं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तोवर मूत्रपिंडं थकली होती.

माझ्या त्या वाया गेलेल्या दिवसानं फरक पडला का, हे मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं. सांगता येणार नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या. भाऊ म्हणतो, सोड ना राव.

आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला नेतो. चार तास बाहेरच्या बाकावर बसतो. वहिनी आम्हा दोघांची भाकरी बांधून देते, बोलत काही नाही. मीही डॉक्टरीणबाईंना विचारायचं थांबलोय.